पशुवैद्याचा सल्ला : कुत्र्याची खाज आणि ॲलर्जीचा शोध

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कुत्र्यांच्या खाजेची पत्रे सर्वाधिक असतात. या वेळच्या पत्रांतून इतर वाचकांनाही उपयोगी पडतील अशी काही निवडून, थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. बहुतेकांनी ‘कोणते औषध द्यावे’ असे विचारले आहे. माझ्या उत्तरांत मात्र ‘आधी काय तपासावे’ यावरच अधिक भर दिसेल, कारण खाजेच्या बाबतीत औषधाच्या निवडीपेक्षा तपासाचा क्रम चुकल्यामुळेच अधिक पैसा आणि अधिक महिने वाया जातात.

प्रश्न (ठाणे) : आमचा लॅब्राडॉर ब्रूनो अडीच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असल्यापासून तो पुढचे पंजे सारखे चाटतो, कान खाजवतो आणि त्याच्या कानांना आंबूस वास येतो. पावसाळ्यात त्रास वाढतो, पण एरवीही पूर्ण थांबत नाही. दुकानदाराच्या सल्ल्याने तीन वेळा खाद्य बदलले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले की दोन-तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. रक्ताची ॲलर्जी चाचणी करून घेतली तर कारण कायमचे कळेल का?

उत्तर : ती अपेक्षा ठेवून चाचणी केलीत तर निराशा पदरी येईल. कुत्र्याला ॲलर्जी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी ही चाचणी नसतेच. कधीही न खाजवणाऱ्या निरोगी कुत्र्यांच्या रक्तातही घरातील धुळीतल्या माइट्सविरुद्धची (डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांविरुद्धची) प्रतिद्रव्ये पुष्कळदा सापडतात. निदान डॉक्टरांनी वय, खाजेच्या जागा आणि आजाराचा इतिहास पाहून, इतर कारणे एकेक बाद करत करायचे असते. ते पक्के झाल्यावर ॲलर्जीची लस तयार करायची असेल, तर तिच्यात कोणते घटक घालावेत हे ठरवण्यापुरता रक्तचाचणीचा किंवा त्वचेत टोचून करायच्या चाचणीचा उपयोग होतो. खाद्याच्या ॲलर्जीसाठी तर रक्त, लाळ किंवा केस यांची कोणतीही चाचणी आज भरवशाची मानली जात नाही, मग तिची जाहिरात कितीही आकर्षक असो.

आपण केलेले वर्णन मात्र बोलके आहे. झुरिक विद्यापीठातील क्लोद फाव्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ॲटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे धूळ, परागकण, बुरशीचे कण अशा वातावरणातील घटकांमुळे होणारा त्वचेचा आजार, ओळखण्यासाठी काही निकष मांडले. तीन वर्षांच्या आत सुरुवात, मुख्यतः घरात राहणारा कुत्रा, स्टेरॉइडने कमी होणारी खाज, पुढचे पंजे आणि कानाची पाळी बाधित असणे, परंतु कानाची कड आणि कमरेचा वरचा भाग सुटलेला असणे, असे त्यांतले मुख्य निकष आहेत. ब्रूनो त्यांपैकी बऱ्याच निकषांत बसतो. त्याचा रंग फिकट असेल तर बोटांमधले केस उलगडून पाहा. सतत चाटणाऱ्या कुत्र्याच्या लाळेतील रंगद्रव्यामुळे तिथले केस गंजासारखे तांबूस झालेले असतात आणि आपल्यासमोर न चाटणारा कुत्रा रात्रभर काय करतो हे त्यावरून कळते. मात्र हे निकष शक्यता वाढवतात, निदान पूर्ण करत नाहीत, कारण खाद्याची ॲलर्जी असलेला कुत्रा अगदी असाच दिसू शकतो. म्हणून वर्षभर खाजवणाऱ्या कुत्र्यात पिसवांचा बंदोबस्त आणि खाद्याची शिस्तशीर चाचणी या दोन पायऱ्या वगळता येत नाहीत. दुकानातली पिशवी तीनदा बदलणे म्हणजे खाद्याची चाचणी नव्हे. ती कशी करायची ते नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात पाहावे.

त्याआधी कानाच्या वासाकडे वळू. हा आंबूस वास बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, असतो. ॲलर्जीमुळे त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते, तिथे यीस्ट आणि जिवाणू वाढतात आणि ते स्वतःची वेगळी खाज निर्माण करतात. ही दुसरी खाज स्टेरॉइडने नीट आटोक्यात येत नाही. कानातील मळ आणि पंज्यांवर चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही काही मिनिटांची आणि स्वस्त तपासणी आहे. ती झालेली नसेल तर पुढच्या भेटीत आग्रहाने करून घ्या. संसर्गावर उपचार केल्यावर कित्येक कुत्र्यांची खाज इतकी उतरते की मूळ ॲलर्जीसाठी लागणारे औषध निम्म्यावर येते.

इंजेक्शनविषयी स्पष्ट लिहितो. दोन-तीन आठवडे गुण येणारे इंजेक्शन बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे असते. एखाद्या तीव्र प्रसंगी ते देणे समजण्यासारखे आहे. परंतु दर महिन्याला तेच देत राहिल्यास तहान, लघवी, भूक आणि वजन वाढणे, स्नायू झिजणे, त्वचा पातळ होणे हे परिणाम होतात आणि एकदा टोचलेले औषध शरीरातून मागे घेता येत नाही. स्टेरॉइड द्यायचेच असेल तर कमी करत नेता येणाऱ्या गोळ्या बऱ्या. ऑक्लासिटिनिब हे औषध खाज लवकर, बहुधा पहिल्या दिवसातच, उतरवते. ते बारा महिन्यांपेक्षा लहान पिलांना आणि गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांना देत नाहीत. सायक्लोस्पोरीनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून ते बंद करू नये. ॲलर्जीच्या लसीचा दहापैकी सुमारे सहा कुत्र्यांना चांगला लाभ होतो, पण त्यासाठी वर्षभर धीर धरावा लागतो.

ठाण्याच्या दमट हवेत माइट्सना पोषक वातावरण असते. ब्रूनोची गादी आणि तिचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत. कोरड्या खाद्याची मोठी पिशवी उघडी ठेवल्यास तिच्यातही साठवणीच्या धान्यातले माइट्स वाढतात, म्हणून लहान पिशवी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मांसाची ॲलर्जी समजून मालक ब्रँड बदलत राहतात आणि दोष त्या पिशवीतल्या किड्यांचा निघतो, असेही होते.

प्रश्न (सातारा जिल्हा) : आमच्या शेतावरची गावठी कुत्री चिंगी चार वर्षांची आहे. दर वर्षी वळवाच्या पावसानंतर ती कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडते. आता तिथले केस जाऊन कातडी काळी व जाड झाली आहे. पिसवा म्हणाव्यात तर शोधून एखादीही सापडत नाही. खाण्यात काही बिघाड असेल का?

उत्तर : खाण्याचा विचार इतक्यात नको. कमरेचा मागचा भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची आतली बाजू हे पिसवांच्या ॲलर्जीचे ठरलेले ठिकाण आहे. ही ॲलर्जी पिसवांच्या लाळेची असते. ज्या कुत्र्याला ती नाही तो अंगावर पुष्कळ पिसवा घेऊन निवांत झोपतो आणि जिला आहे ती दोन-चार चाव्यांनी आठवडाभर हैराण होते. शिवाय अशी कुत्री इतकी चाटते-कुरतडते की अंगावरच्या पिसवा तीच गिळून टाकते. त्यामुळे ‘सापडत नाहीत’ हा पुरावा होऊ शकत नाही.

एक सोपी परीक्षा घरी करता येते. पांढऱ्या कागदावर चिंगीला उभी करून कमरेवरचे केस बारीक फणीने विंचरा. खाली पडलेल्या मिरपुडीएवढ्या काळ्या कणांवर पाण्याचे दोन थेंब टाका. कणांभोवती तांबडी-तपकिरी छटा पसरली तर ती माती नाही, पिसवांनी प्यालेले आणि विष्ठेतून टाकलेले रक्त आहे.

उपचारात बहुतेकांचे चुकते ते असे, की फक्त कुत्रीवर औषध होते. पिसवांच्या एकूण संख्येपैकी जेमतेम पाच टक्के अंगावर असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात जमिनीच्या भेगांत, गोणपाटांत, गोठ्याच्या कोपऱ्यांत असतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि कोणी जवळ आल्याची कंपने, ऊब जाणवली की बाहेर पडते. वळवानंतरची ऊब आणि ओल त्यांना मानवते, म्हणून चिंगीचा त्रास त्याच सुमारास वाढतो. फ्ल्युरालॅनर, ॲफॉक्सोलॅनर अशा गटातील गोळ्या पिसवा व गोचिडांवर चांगल्या चालतात. पहिलीचा परिणाम सुमारे बारा आठवडे टिकतो, दुसरी दर महिन्याला द्यावी लागते. फिट येणाऱ्या कुत्र्यांत मात्र या गोळ्या जपून वापरतात, तेव्हा तसे काही असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. घरातील मांजर, इतर कुत्री आणि गोठ्यातली शेरडे यांचाही एकाच वेळी बंदोबस्त व्हायला हवा, परंतु प्रत्येकाचे औषध वेगळे विचारून घ्या : परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराच्या जिवावर बेतते. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्रीला चोळण्याची पद्धत गावोगाव दिसते. त्यातून विषबाधा होते, ती पद्धत कृपया थांबवा. निदान तीन महिने खंड न पाडता हे केल्यावरही खाज राहिली, तरच पुढच्या कारणांकडे वळावे.

प्रश्न (नाशिक) : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. आमची शिह त्झू परी सात वर्षांची असून दूध-पोळी, दही-भात, पनीर यांवरच वाढली आहे. गेल्या वर्षापासून तिला बारमाही खाज आहे, ढुंगण जमिनीवर घासते आणि दिवसातून चार-पाच वेळा शौचास जाते. डॉक्टरांना खाद्याच्या ॲलर्जीची शंका आहे. मांस तिने कधी खाल्लेलेच नाही, मग ॲलर्जी कशी होईल?

उत्तर : डॉक्टरांची शंका मला रास्त वाटते. ॲलर्जी प्रथिनांची असते आणि ती बहुधा वर्षानुवर्षे खाल्लेल्या पदार्थाचीच होते. ‘इतकी वर्षे चालले, आताच कसे’ हा प्रश्न म्हणून टिकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाद्याची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यांत गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधला होता. हे आकडे परदेशांतील कुत्र्यांचे आहेत आणि आपल्याकडच्या ताटल्यांत गोमांस सहसा नसते, पण त्या यादीतले दूध आणि गहू परीच्या रोजच्या जेवणात आहेत. त्यातून ऋतूशी संबंध नसलेली खाज, उतारवयाकडे झुकताना झालेली सुरुवात, गुदद्वाराभोवतीचा त्रास आणि शौचाच्या वाढलेल्या खेपा ही सगळी चिन्हे एकाच दिशेने बोट दाखवतात. गुदग्रंथी भरल्या आहेत का, हे तेवढे आधी पाहून घ्या. नुसत्या त्यामुळेही कुत्री घासत फिरते.

आता चाचणी. आठ आठवडे परीला असेच अन्न द्यायचे, ज्यातले प्रथिन तिने आयुष्यात चाखलेले नाही. आपल्या घरी हे उकडलेला बटाटा किंवा रताळे आणि तिने कधी न खाल्लेले एखादे कडधान्य, उदाहरणार्थ पूर्ण शिजवलेला राजमा, यांवर बसवता येईल. त्यात कांदा-लसूण नको, फोडणी नको. कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूर्तता डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण असे घरगुती अन्न प्रौढ कुत्रीला दोन महिने चालते, कायमचे पुरत नाही. दुसरा मार्ग हायड्रोलाइज्ड प्रथिनांच्या तयार खाद्याचा. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना सहसा ओळखत नाही. ते महाग असते आणि पुष्कळदा त्याचा मूळ स्रोत प्राणिज असतो, तेव्हा घेण्यापूर्वी विचारून घ्या.

खरी अडचण अन्नाची नसून घरातल्या माणसांची असते. आजोबांनी चहाबरोबर दिलेले अर्धे ग्लुकोज बिस्किट, गोळी गिळावी म्हणून लावलेले पनीर, मुलाच्या हातून सांडलेला पोळीचा तुकडा, चवदार चघळायची जंतांची गोळी, यांतले काहीही चाचणी बिघडवते. फ्रिजवर तारखांचा कागद लावा आणि परीने बाहेरचे काही खाल्ले तर लपवून न ठेवता त्यावर लिहा, असे घरात सर्वांना सांगा. सुरुवातीच्या आठवड्यांत खाज असह्य असेल तर औषध जरूर द्यावे, मात्र शेवटचे दोन आठवडे तरी औषधाविना काढावेत, म्हणजे श्रेय अन्नाचे की गोळीचे हे कळेल.

खाज थांबली तरी चाचणी संपत नाही. जुने अन्न पुन्हा सुरू करायचे. खाज परतली, आणि ती बहुधा काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परतते, तरच ॲलर्जी सिद्ध झाली. मग पुन्हा चाचणीच्या अन्नावर आणून एकदा फक्त दूध, नंतर फक्त गहू असे वेगवेगळे देऊन दोषी कोण ते शोधायचे. बरी झालेली कुत्री मुद्दाम खाजवती करायला मालक धजावत नाहीत, हे मी समजू शकतो. पण ही पायरी टाळल्यामुळे कित्येक कुत्री गरज नसताना महागड्या खाद्यावर आयुष्य काढतात.

प्रश्न (रत्नागिरी) : अंगणात आमच्या पगला गांधीलमाशी चावली. पंधरा मिनिटांत त्याचे तोंड सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. रात्रीची वेळ असल्याने घरातली सर्दीची गोळी अर्धी करून दिली. सकाळपर्यंत सूज उतरली. असे पुन्हा झाले तर हेच करावे का?

उत्तर : तो वाचला हे चांगले झाले, परंतु सर्दीची गोळी पुन्हा देऊ नका. अशा गोळ्यांत ॲलर्जीविरोधी औषधाबरोबर पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारी द्रव्ये असतात, जी कुत्र्याला घातक ठरू शकतात. साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असू शकते, तेही कुत्र्यासाठी विष आहे. केवळ ॲलर्जीविरोधी औषध असलेली गोळी चालते, पण कोणती आणि किती ते डॉक्टरांनी पगचे वजन पाहून आजच लिहून द्यावे आणि तो कागद घरात हाताशी असावा.

तोंडावर सूज आणि गांधी एवढेच असेल तर फोनवर विचारून नजर ठेवणे कधीकधी पुरते. पण पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीत श्वासमार्ग आधीच अरुंद असतो, त्यामुळे मी वाट पाहणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : माणसाला तीव्र ॲलर्जी झाली की आधी धाप लागते, कुत्र्यात मात्र पहिला आघात बरेचदा यकृत आणि आतड्यांवर होतो. डंखानंतर अचानक उलटी, पातळ किंवा रक्तमिश्रित शौच, पांढरट हिरड्या, लटपटणे यांतले काही दिसले तर अंगावर एकही गांध नसली तरी ती तातडीची वेळ आहे. तिथे ॲड्रेनॅलिन आणि सलाइन लागते, घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. लसीकरणानंतर असे काही झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगून नोंदवून घ्या. रेबीजची लस त्या भीतीने टाळायची नसते. पुढच्या वेळी आधी औषध देऊन, दवाखान्यात थोडा वेळ थांबवून ती देता येते.

प्रश्न (नागपूर) : कुत्र्याच्या खाजेवर माणसांची मलमे, डेटॉलचे पाणी, हळद-खोबरेल किंवा कडुलिंबाचा पाला चालतो का?

उत्तर : औषधाच्या दुकानात ‘खाज-खरूज-नायटा’ म्हणून सहज मिळणाऱ्या मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. कुत्रा ते चाटतो, म्हणजे औषध पोटात जाते. लालसरपणा तात्पुरता मावळतो आणि पुढे नमुना घेऊन तपासणी केली तरी चित्र गढूळ येते. डेटॉल किंवा फिनेलचे पाणी अंगाला लावू नये. त्याने सोललेली त्वचा अधिक भाजते. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे. हळद-खोबरेलाने अपाय सहसा होत नाही, उपायही होत नाही, आणि तेलकट थराखाली पावसाळ्यात यीस्टचे फावते. कडुलिंबाच्या पाल्याचे गार पाणी ओतायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून पिसवांचे औषध लांबवू नये.

उपयोग होतो तो क्लोरहेक्सिडीन असलेल्या कुत्र्यांच्या शाम्पूचा, आणि तोही अंगावर दहा मिनिटे राहू दिला तर. लोक लावतात आणि लगेच धुऊन टाकतात, मग शाम्पूला दोष देतात. नंतर केस मुळापर्यंत कोरडे करावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही आणलेले पिल्लू खूप खाजवते आणि आता मुलीच्या हातांवर, पोटावर पुरळ आले आहे. कुत्र्याची ॲलर्जी माणसाला लागते का?

उत्तर : ॲलर्जी संसर्गजन्य नाही. पिल्लू आणि माणूस एकाच सुमारास खाजवू लागले तर ॲलर्जीचा विचार मागे ठेवून आधी खरूज आणि नायटा शोधावा. खरजेत कानांच्या कडा, कोपरे आणि पोटाचा खालचा भाग यांवर खपल्या धरतात, खाज दिवसरात्र असते. कानाची कड बोटांत धरून हलके चोळल्यास पुष्कळ पिले मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागतात. नायट्यात केस तुटून गोल चट्टे पडतात आणि खाज बेताचीच असते. त्वचा खरवडून केलेल्या तपासणीत खरजेचे किडे दर वेळी सापडतातच असे नाही, म्हणून अहवाल निर्दोष आला तरी संशय दाट असल्यास डॉक्टर उपचार सुरू करतात आणि ते योग्यच आहे. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन मात्र स्वतः आणून देऊ नका. कॉली आणि तत्सम जातींत आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि पिल्लू दगावू शकते.

मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात नवे पिल्लू आले आहे हे त्यांना न विसरता सांगा. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या त्वचेवर आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही, त्यामुळे पिल्लावर उपचार झाले की तिचे पुरळ सहसा काही आठवड्यांत जाते. नायटा असेल तर दोघांचाही पूर्ण उपचार करावा लागेल आणि पिल्लाचे पांघरूण, कंगवा, पट्टा हे सारे धुऊन किंवा बदलून घ्यावे लागेल, कारण त्याचे बीजाणू गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने टिकून राहतात.